यांपैकी नाही

पूर्णिमा चौगले संख्याशास्त्र शिकवायची आणि त्याचा तिला थोडा माज होता. थोडा कसला, आता खोटं कशाला बोला, चांगलाच होता. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणी सहज म्हणालं, की यंदा पोरं जरा ढ आलीत, तर ही चहाचा कप खाली ठेवून विचारणार, "कशावरून? आकडा काय?" समोरचा गप्प. मग ही कप उचलणार. असल्या बाईच्या हातात कुणी चोर पकडायचं यंत्र दिलं तर काय होईल? व्हायचं तेच झालं.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर 'सह्यकिरण शिष्यवृत्ती न्यास' नावाची संस्था होती. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या सातवीच्या मुलींची परीक्षा घ्यायची आणि निवडलेल्या मुलींना कोल्हापुरात वसतिगृहात ठेवून बारावीपर्यंत शिकवायचं, हे त्यांचं काम. चांगलं काम, त्यात वाद नाही. पण मागल्या वर्षी कुणीतरी बोंब उठवली की परीक्षेत पोरी बघून लिहितात. न्यासाच्या अध्यक्ष वर्षाराणी मॅडम भडकल्या. त्या एकदा भडकल्या की इलाज झाल्याशिवाय स्वस्थ बसत नसत. त्यांनी पूर्णिमाला गाठलं आणि पूर्णिमा म्हणाली, "मी प्रोग्राम करून देते. बघून लिहिणारी सुटायची नाही."

प्रोग्राम तसा साधा होता. मुली उत्तरपत्रिकेवर गोळे काळे करतात, ते मशीन वाचायचं. मग प्रोग्राम एका वर्गात बसलेल्या प्रत्येक दोघींची उत्तरं एकमेकींशी ताडून बघायचा. बरोबर उत्तरं जुळली तर त्यात विशेष काही नाही, अभ्यास केलेल्या सगळ्यांचीच ती जुळणार. मेख असते ती चुकीच्या उत्तरांत. चार पर्यायांतला एक बरोबर, म्हणजे चुकायला तीन वाटा. दोघीजणी दर वेळी एकाच वाटेनं चुकायला लागल्या, आणि तेही बाकी कुणी चुकत नाही अशा सोप्या प्रश्नात, की समजायचं, कुणीतरी मान वळवलीय.

यंदा प्रोग्राम चालवला आणि एकाच जोडीपुढं लाल खूण आली. पण आकडा असा भरभक्कम, की पूर्णिमानं खुर्ची पुढं ओढली. अनुजा रेडेकर आणि अर्शी नदाफ. गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावच्या पोरी. एकीच्या मागं दुसरी बसलेली. दोघी हुशार, दोघी निवडयादीत वर, आणि ज्या काही मोजक्या चुका केलेल्या त्या दोघींच्या सारख्याच. बहुतेक सगळ्या नातेसंबंधाच्या प्रश्नांत. ह्याची आई त्याची कोण, असले प्रश्न. पेपरातला सगळ्यात सोपा भाग, बाकीच्या पोरी तो डोळे झाकून सोडवतात.

"योगायोगानं असं व्हायचं म्हटलं तर लाखात एकदा," पूर्णिमानं वर्षाराणींना सांगितलं.

"म्हणजे कॉपीच."

"आकडा तर तेच सांगतो."

आकडा ते सांगत नव्हता, बरं का. दोघी सारख्या चुकल्या, एवढंच सांगत होता तो. का चुकल्या हे आकड्याला कुठून कळणार? वर्गात पोरांना ती हेच घसा फोडून शिकवायची. पण त्या दिवशी ती स्वतःच्या यंत्रावर इतकी खूश होती, की स्वतःचंच शिकवलेलं विसरली.

दोघींना राजारामपुरीत बोलावलं. अनुजाबरोबर तिची आई आली, अर्शीबरोबर तिची आजी हुसेनबी. कशाला बोलावलंय हे त्यांना कुणी धड सांगितलं नव्हतं. हुसेनबीला वाटलं, नातीचा नंबर लागला म्हणूनच बोलावलंय, दुसरं काय! तिनं आल्या आल्या शिपाई ज्ञानूच्या हातावर घरचे लाडू ठेवले आणि त्यानंही ते खाल्ले.

पूर्णिमानं आधी अनुजाला एकटीला आत घेतलं. पोरगी खुर्चीच्या कडेवर बसली. डोळे मात्र बारीकसारीक सगळं बघत होते, पंख्यापासून पूर्णिमाच्या पेनापर्यंत.

"तुझी आणि अर्शीची उत्तरं जुळतात," पूर्णिमा म्हणाली.

"जुळणारच की. आमी संगट अभ्यास करतोय."

"बरोबर उत्तरांचं नाही म्हणत मी. चुकलेली पण जुळतात."

अनुजाच्या कपाळाला आठी पडली. "कंची चुकली?"

इथं, अगदी इथं, पूर्णिमानं पेपर उघडून पोरीपुढं सरकवायला हवा होता. हे उत्तर तू का लिहिलंस, एवढं एक विचारलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण चौकशीत पेपर दाखवायचा नाही असा नियम होता. नियम कुणी केला होता? हिनंच.

"ते महत्त्वाचं नाही. कुणी कुणाचं बघितलं ते सांग."

"कुणीच न्हाय बघिटलं."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? न्हाय म्हंजे न्हाय."

पूर्णिमानं आवाज मऊ केला. तिला वाटलं आपण फार समजूतदारपणे बोलतोय. "हे बघ अनुजा. तुमच्यातल्या एकीनं बघितलंय एवढं मला दिसतंय. कुणी बघितलं ते कळत नाही. दोघीही नाही म्हणत राहिलात तर दोघींची जागा जाईल. एकीनं खरं सांगितलं तर दुसरी सुटेल."

ही अट न्यासाच्या कुठल्याच नियमात नव्हती. ती पूर्णिमाच्या तोंडून आपसूक आली आणि तिची तिलाच मोठी न्यायाची वाटली. पोरीनं खिडकीकडं बघितलं. खाली रस्त्यावर दोन रिक्षावाल्यांचं भांडण जुंपलं होतं.

"म्हंजे अर्शी ऱ्हाईल?"

"राहील."

"नक्की?"

"नक्की."

"मग म्या बघिटलं," अनुजा म्हणाली. "तिचं काय न्हाय त्यात."

आणि पूर्णिमाला बरं वाटलं. पुढं कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हेच. बारा वर्षांची पोर समोर मान खाली घालून बसलीय आणि आपल्याला बरं वाटलं, का, तर आकडा खरा निघाला. तिनं पोरीच्या पाठीवर हातसुद्धा फिरवला. म्हणाली, "शाबास, खरं बोललीस."

अनुजा बाहेर गेली. दार अर्धवट उघडंच होतं. बाकावर बसलेल्या आईचा हात धरून ती म्हणाली, "वैनी, चल. झालं."

ज्ञानू हसला. "भावजय व्हय गं तुझी? मला वाटलं आई."

"आईच हाय."

"आईला वैनी म्हणतीस?"

"मग काय म्हणू? घरात समदी वैनीच म्हणत्यात तिला."

ज्ञानू आणखी मोठ्यानं हसला, तशी हुसेनबी त्याच्यावर खेकसली, "हसाया काय झालं रं तुला? आमची अर्शी बी तिच्या आईला भाभी म्हणती. काका लोकांचं ऐकून पोरं शिकत्यात. लाडू खाऊन वर हसतोय बघ!"

आत पूर्णिमाही हसली. ती बिद्रीची. साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या बापाची लेक. तिच्या घरात दोन आत्या, तीन काका, सगळे तिच्या आईला वहिनी म्हणायचे, म्हणून तीही लहानपणापासून वहिनीच म्हणायची. वडिलांना आण्णा म्हणायची, कारण त्यांचे धाकटे भाऊ त्यांना आण्णा म्हणत. भरल्या घरातली पोरं आईबापांना त्यांच्या नात्यानं हाक मारतच नाहीत, घर ज्या नावानं मारतं त्या नावानं मारतात. अर्ध्या जिल्ह्यात हेच चालतं. तिला आपलं घर आठवलं म्हणून ती हसली.

आणि हसता हसता तिला पेपरातला एक प्रश्न आठवला.

तिनं पेपर उघडला. नातेसंबंधाचा भाग काढला. एका मुलीने फोटोतील स्त्रीकडे बोट दाखवून सांगितले, 'हिला मी वहिनी म्हणते.' तर ती स्त्री त्या मुलीच्या आईची कोण? पर्याय होते: सून, नणंद, जाऊ, यांपैकी नाही. बरोबर उत्तर सून. दोघी पोरींनी गोळा केला होता 'यांपैकी नाही' वर. का करणार नाहीत? ज्या बाईला त्या वहिनी म्हणतात, भाभी म्हणतात, ती त्यांची आई. मग आई स्वतःचीच कोण? ती सून नाही, नणंद नाही, जाऊ नाही. यांपैकी नाही. पोरींनी विचार करून लिहिलं होतं.

पुढचा प्रश्न. विनय सीमाच्या वडिलांना मामा म्हणतो, तर सीमा विनयची कोण? उत्तरात मामेबहीण. पोरींनी लिहिलं होतं, पत्नी. जावई सासऱ्याला मामा म्हणतो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. त्यात त्या हद्दीवरच्या गावात मामाच्या पोरीशी लग्न लावायचं म्हणजे नित्याची गोष्ट. रेडेकरांच्या घरात तेच, नदाफांच्या घरात तेच. त्या गावातल्या कुठल्याही पोरीला उठवून विचारलं असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं. पूर्णिमा एकेक प्रश्न बघत गेली, प्रत्येकात तेच.

मग तिनं ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. प्रोग्रामला सांगितलं, एका वर्गातल्याच नको, सगळ्या केंद्रांतल्या मुली एकमेकींशी ताडून बघ. आणि लाल खुणांची रांगच लागली; बाकीच्या वर्गांत अशी एखादीच पोरगी होती, म्हणून आधी जोडी दिसली नव्हती. चंदगडची पोरगी आजऱ्याच्या पोरीचं 'बघून' लिहीत होती. मध्ये डोंगर. जन्मात एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या पोरी सारख्याच वाटेनं चुकल्या होत्या, कारण त्यांच्या घरांत हाका सारख्या होत्या. हे बघायला चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

आता तरी तिनं उठून वर्षाराणींकडं जायला हवं होतं की नाही? नाही गेली. जिन्यावरून त्या चौघी खाली उतरताना तिनं खिडकीतून बघितलं. अनुजाची आई पुढं, तिला सांगितलं गेलं होतं की तुमच्या पोरीनं कबूल केलंय. ती पोरीला काही बोलत नव्हती, मारत नव्हती, नुसती पुढं पुढं चालली होती. हाक मारावी असं पूर्णिमाच्या मनात आलं, आणि हाक काही मारली नाही.

का नाही मारली? तर तिला लाज वाटली. सरळ गोष्ट. सकाळीच वर्षाराणींनी चार विश्वस्तांना फोन करून सांगितलं होतं, आमच्या चौगले मॅडमनी काय यंत्र केलंय म्हणून. पुण्याच्या एका संस्थेनं ते मागितलंही होतं. आता त्यांच्यापुढं जाऊन म्हणायचं, की माझं यंत्र पोरीनं आईला मारलेल्या हाकेला चोरी समजलं? उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्याचं परवा झालं. निवडयादी लागली. त्यात अर्शी होती, अनुजा नव्हती. पूर्णिमा रोज कॉलेजात जायची, शिकवायची, घरी यायची, आणि जेवायला बसली की घास तोंडात फिरायचा. नवरा म्हणाला, "डॉक्टरकडं जाऊया का?" ती म्हणाली, "ॲसिडिटी आहे." असं एका खोट्याला लागून दुसरं निघायला लागलं. बारा वर्षांच्या पोरीकडून खोटं वदवून घेतल्यावर स्वतःचं खोटं तरी कुठं अडतंय?

ती गप्पच राहिली असती की काय, कोण जाणे. पण मे महिन्यात हुसेनबीचा न्यासात फोन आला. पूर्णिमा तेव्हा वर्षाराणींच्याच समोर बसली होती. फोन स्पीकरवर होता आणि हुसेनबीला तशीही स्पीकरची गरज नव्हती.

"आमची पोरगी यायची न्हाय बघा वसतिगृहात! म्हणती, अनुजानं बघिटलंच न्हाय, तिनं माझ्यापायी खोटं सांगिटलंय. ती न्हाय तर मी बी न्हाय. दोन दिस जेवली न्हाय हो पोरगी. काय करू मी?"

"मग तिची जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल, आजी," वर्षाराणी म्हणाल्या.

"द्या जावा! पोरगीच न्हाय ऱ्हायली तर जागंला काय करायचं?" आणि फोन बंद.

वर्षाराणींनी कपाळाला हात लावला. "बघा, कसल्या हट्टी पोरी. घ्या, त्या प्रतीक्षायादीतलं पुढचं नाव सांगा."

पूर्णिमाच्या हातात ती यादी होती. एक पोर हिच्या शब्दावर गेली, आता दुसरी त्या पोरीपायी चालली. तिला पुढचं नाव वाचता येईना.

"मॅडम, अनुजानं बघितलं नव्हतं."

"अहो, तिनं स्वतः कबूल केलंय की!"

"मी तिला कबूल करायला लावलं."

मग तिनं सगळं सांगितलं. वहिनी, भाभी, मामा, चंदगड, आजरा, सगळं. वर्षाराणी ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी चिडका होता, मग गोंधळला, मग त्या एकदम म्हणाल्या, "अगंबाई, आमचे हे तर अजून त्यांच्या आईला काकीच म्हणतात. साठीला आले." आणि थोडं थांबून, "पण चौगले मॅडम, तुम्ही तर बिद्रीच्या ना? मग तुम्हाला हे आधी नाही सुचलं?"

"सुचलं. त्याच दिवशी सुचलं."

"आणि आज सांगताय?"

वर्षाराणींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती यादी तिच्या हातातून काढून घेतली. बाई भडक होती पण कोत्या मनाची नव्हती. नातेसंबंधाचे ते सगळे प्रश्न रद्द करायला सांगितले, दोन्ही पोरींच्या जागा कायम केल्या, आणि म्हणाल्या, "फोनवर सांगायचं नाही. तुम्ही जायचं. समोर बसून सांगायचं."

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा निपाणीवरून जाणाऱ्या एस.टी.नं गडहिंग्लजला उतरली, तिथनं वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन गावात पोचली. पाराजवळ रेडेकरांचं घर विचारलं तर एक पोरगं म्हणालं, "झेरॉक्सचं व्हय? त्या बोळात." बाकीची पोरं फिदीफिदी हसली. पूर्णिमाला आधी कळलंच नाही. कॉपी म्हणून झेरॉक्स हे मग कळलं, पण परत फिरायची सोय आता उरली नव्हती.

अनुजा बाहेरच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होती. शेजारी अर्शी. आई मागं परड्यात म्हशीला वैरण टाकत होती, ती उघड्या दारातून दिसत होती. पूर्णिमाला बघून अर्शीनं तोंड फिरवलं. अनुजा मात्र उठली, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोर उभी राहिली.

"अनुजा, चूक माझी होती," पूर्णिमा म्हणाली. वाटेत पाठ केलेलं सगळं भाषण विसरली होती ती. "तू कॉपी केली नव्हतीस. तुम्हा दोघींच्या जागा कायम आहेत. जूनमध्ये यायचं."

अर्शीनं अनुजाचा हात घट्ट धरला. अनुजाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"पर म्या तर कबूल केलंय."

"ते खोटं होतं ना?"

"व्हय. पर खरं सांगिटलं तवा तुमी ऐकलं न्हाय. खोटं सांगिटलं तवा लगीच ऐकलासा. शाबास बी म्हणालासा."

पूर्णिमाला वाटलं, हिनं आपल्या कानाखाली एक वाजवली असती तर सोसलं असतं. तिनं मान खाली घातली. "म्हणाले. माझं चुकलं. त्या पोरांना, शाळेत, सगळ्यांना मी सांगून जाणार आहे."

"मग कंची उत्तरं चुकली हुती आमची, ते तरी सांगा आता."

पूर्णिमानं सांगितलं. फोटोतल्या बाईचा प्रश्न, विनय आणि सीमाचा प्रश्न. पोरी लक्ष देऊन ऐकत होत्या. अर्शी न राहवून म्हणाली, "पण ते बरोबरच हाय की! यांपैकी न्हायच."

"व्हय. तुमचं बरोबरच होतं."

"मग मार्क द्या की त्याचं," अनुजा म्हणाली.

"मार्क... तसे देता येत नाहीत गं. ते प्रश्न रद्द केलेत आम्ही. कुणालाच त्याचे मार्क नाहीत."

"म्हंजे बरोबर न्हायच की मग," अनुजा शांतपणे म्हणाली आणि तिनं परड्याकडं तोंड करून हाक मारली, "आई, बाईस्नी चा टाक!"

परड्यातली बाई वळली नाही. वैरण टाकत राहिली.

"ए आई! चा टाक म्हणतीया!"

शेवटी भिंतीपलीकडनं हुसेनबीच ओरडली, "अगं ए, लेक हाका मारतीया की तुला!"

"मला व्हय?" आई दचकून वळली, हात झटकत आत आली. पूर्णिमाला बघून पदर सावरला आणि तिला बोलायला काही सुचेना म्हणून पोरीचंच गाऱ्हाणं सांगायला लागली. "काय सांगू बाई, त्या दिशी कोल्हापुरासनं आल्यापास्नं हे खूळ घेटलंय हिनं. मला आई म्हणती. आमच्या घरात आई म्हंजी आमच्या सासूबाई. ही हाक मारती आन् त्या आतनं ओ देत्यात. मला तर कळतच न्हाय, मला बोलवतीया म्हणून."

अनुजाला कुणीच काही सांगितलं नव्हतं तेव्हा. पण ज्ञानूचं हसणं तिनं ऐकलं होतं, आणि पोरगी हुशार होती. आईला वहिनी म्हटलं की शहरात हसतात, हे तिनं तिचं तिनं ताडलं होतं.

"अनुजा, वहिनीच म्हण," पूर्णिमा घाईघाईनं म्हणाली. "त्यात चुकीचं काही नाही. तेच सांगायला आलेय मी एवढ्या लांबनं."

"तुमी काय म्हणतासा तुमच्या आईला?"

पूर्णिमानं उचललेला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "वहिनी म्हणायचे."

"म्हणायचे म्हंजे? वारल्या?"

"नाही नाही. आहे ना. बिद्रीला असते."

"मग आता काय म्हणतासा?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. 'वहिनीच' एवढं म्हटलं की झालं असतं. पण समोरची पोर थेट डोळ्यांत बघत होती, आणि हिच्याशी आणखी एक खोटं बोलायची पूर्णिमाची छाती नव्हती.

"आई म्हणते," ती म्हणाली.

"कवापास्नं?"

"कोल्हापूरला शिकायला गेले तेव्हापासून. हॉस्टेलवरच्या मुली हसायच्या."

अनुजानं मान हलवली. गणित सुटल्यावर हलवतात तशी. मग आईकडं वळून म्हणाली, "बघ. म्या काय सांगत हुते? शिकायला गेलं की आईच म्हणाय लागतंय. आता तर जूनमधी जायाचंच हाय, आत्तापास्नं सवय केल्याली बरी."

आईनं एकदा पोरीकडं बघितलं, एकदा या शिकलेल्या बाईकडं बघितलं, आणि चुलीपुढं बसून चहाचं आधण ठेवलं. पूर्णिमाला उठून त्या माऊलीचे पाय धरावेसे वाटले, पण धरून सांगणार काय? पोरीची जागा परत मिळाली होती. पोरगी शिकणार होती, मोठी होणार होती. आणि जे जायचं होतं ते घरातून आधीच गेलं होतं.

"आई," अनुजा शेंगा पाखडता पाखडता म्हणाली, "साखर जरा कमी टाक गं."

"व्हय," आई म्हणाली. या वेळी पहिल्याच हाकेला.